गावच्या दुर्लक्षित जागा आणि गावचे कलावंत
(एक अभ्यास)

संस्थेच्या गेल्या वर्षांतील कार्याचा आढावा या स्मरणिकेत अन्यत्र आलेला आहेच. प्रस्तुत लेखात आम्ही मागचे न सांगता पुढच्या एका कार्याचा विचार सभासद बंधुभगिनींसमोर ठेवीत आहोत. तो असा : गावातील ज्या सार्वजनिक जागांकडे कोणाचेच लक्ष नाही, त्या आपल्याच भागातील कलावंतांना रीतसर काम देऊन, त्यांच्या हातून सुधारून घ्याव्या की नाही ? आणि घ्यावयाच्या झाल्यास ते काम कोणत्या रीतीने द्यावे ?

प्रश्न वरवर पाहता हौसेचा वाटेल. पण धर्मादाय संस्थेला हौसेवर पैसा खर्चण्याचा अधिकार नसतो. एखाद्या मुलाची शिष्यवृत्ती, एखाद्या वृद्धाचे औषधपाणी यांच्या शेजारी भिंतीवरच्या चित्राला बसविताना कोणाही विचारी सभासदाचे मन कचरेल, आणि ते योग्यच आहे. म्हणूनच हा विषय नीट तपासून पाहणे अगत्याचे वाटले.

दुर्लक्षित जागा म्हणजे कोणत्या ?

आपल्या मोरजीस बाहेरून येणारा माणूस समुद्राकडे पाहतो. किनाऱ्याची वर्णने होतात, छायाचित्रे निघतात. पण गावचा माणूस दिवसातून चार वेळा ज्या जागांवरून जातो त्या निराळ्या आहेत. बसथांब्याची मागची भिंत, शाळेच्या कुंपणाची रस्त्याकडील बाजू, तिठ्यावरच्या विजेच्या पेटीभोवतालची जागा, वापर थांबलेल्या विहिरीचा कठडा, स्मशानभूमीची भिंत, शिवोलीकडे जाताना चोपड्याच्या पुलाखालचा उतार, अशा त्या जागा होत. त्या सर्वांच्या मालकीच्या असतात, आणि म्हणूनच त्यांना वाली कोणी नसतो. प्रथम तेथे कोणी एक पिशवी टाकतो. दुसऱ्या दिवशी तीन पडतात. महिन्याभरात ती जागा कचऱ्याची म्हणून ओळखली जाऊ लागते आणि मग तेथे कचरा टाकण्यात कोणास संकोच वाटत नाही.

यावर एक उपाय सर्वत्र दिसतो : भिंतीवर देवदेवतांच्या चित्रांच्या फरशा बसविणे. आमच्या मते हा उपाय देवाच्याही मानाचा नाही आणि जागेच्याही हिताचा नाही. देवाला पहारेकऱ्याचे काम देऊन आपण मोकळे होतो, आणि कचऱ्याची पेटी व मुतारी नसल्याचा मूळ दोष तसाच राहतो. माणूस पाच पावले पुढे जाऊन तेच करतो.

कलावंत कोठे आहेत ?

असे काम करावयास कलावंत कोठून आणावे, हा प्रश्न आपल्याकडे विचारण्याचे कारण नाही. चवथीच्या आधी चित्रशाळांतून मातीच्या मूर्तींची आखणी करणारे हात आपल्या पेडणे आणि डिचोली भागांत वाड्यावाड्यांवर आहेत. शिगम्याचे चित्ररथ पाहावे : लाकूड, कागद, कापड, काथ्या यांतून गावची मुले हत्ती उभे करतात आणि त्यांची सोंड हलवून दाखवितात. दिवाळीच्या आदल्या रात्री नरकासुर उभा राहतो, त्यासाठी पोरे आठ-आठ दिवस जागतात. दशावतारासाठी मुखवटे नि मुकुट रंगविणारे आहेत, पाट्या रंगविणारे आहेत. १९७२ साली पणजीस गोवा कला महाविद्यालय स्थापन झाल्यापासून शास्त्रशुद्ध शिक्षण घेतलेल्या तरुण-तरुणींची भर त्यात पडली आहे.

परंतु एक गोष्ट ध्यानात घ्यावी. या बहुतेक कलेचे आयुष्य अल्प आहे. मखर दीड दिवसात, फार तर अकरा दिवसांत उतरते. मूर्ती पाण्यात जाते. नरकासुर पहाटे जळतो. चित्ररथ मिरवणूक संपताच मोडला जातो. परंपरेचा तो धर्म आहे आणि त्यात खेद मानण्याजोगे काही नाही. पण याचा परिणाम असा होतो की, ज्याच्या हाती एवढे कसब आहे त्या माणसाचे गावात टिकून राहिलेले असे एकही काम दाखविता येत नाही, आणि वर्षातले दोन महिने सोडल्यास त्याला त्या कसबावर पोट भरता येत नाही. मग तो दुसरे काम शोधतो. त्याचा मुलगा तर ते कसब शिकतच नाही.

कावी : आपल्याच भिंतींचा धडा

भिंत रंगविणे ही काही परदेशाहून आलेली कल्पना नव्हे. आपल्या कोकणपट्टीत, सिंधुदुर्गापासून गोव्यातून थेट कारवार-कुमठ्यापर्यंत, देवळांच्या व जुन्या घरांच्या भिंतींवर कावीचे काम होत असे. तांबडा नि पांढरा एवढे दोनच रंग. पण त्यांत वेलबुट्टी, पशुपक्षी, पुराणप्रसंग सारे सामावत असे.

या कामाची रीत जाणून घेण्याजोगी आहे. शिंपा भाजून केलेला पांढराशुभ्र चुना आणि धुतलेली वाळू गुळाच्या पाण्यात सुमारे पंधरा दिवस मुरवीत. मग ते मिश्रण कुटून एकजीव करीत व त्याचा गिलावा भिंतीवर चढवीत. त्यावर काव, म्हणजे आपल्या जांभ्या मातीतून मिळणारा तांबडा रंग, मिसळलेला पातळ थर देत. तो ओला असतानाच अणकुचीदार लोखंडी हत्यारांनी आखणी करून तांबडा थर खरवडीत आणि खालचा पांढरा चुना उघडा करीत. शेवटी गुळगुळीत गोट्याने घोटून भिंतीस तकाकी आणीत. चुना हळूहळू हवेतील कर्बवायू शोषून दगडासारखा घट्ट होतो, आणि रंग त्याच्या पोटातच अडकून बसतो. म्हणून आपल्याकडील सुमारे ३,००० मिलीमीटर पावसाच्या आणि खाऱ्या वाऱ्याच्या प्रदेशातही ही चित्रे पिढ्यान् पिढ्या टिकली.

आज आपण चिऱ्यांच्या भिंतीस सिमेंटचा गिलावा करून वर चकचकीत रंग देतो. चिरा पाणी पितो, आणि ते पाणी बाहेर पडावयास वाट हवी असते. चुन्यातून ती वाट मिळते. बंद रंगाच्या पापुद्र्यातून मिळत नाही, आणि दोन पावसाळ्यांत फोड येऊन रंग सुटू लागतो. भिंतीवर चित्र काढण्यापूर्वी भिंत कशाची आहे हे पाहावे, हा कावीचा पहिला धडा होय.

दुसरा धडा असा की, ही कामे कोणीतरी सांगून करवून घेतलेली होती. देवळाचे महाजन कारागीर बोलावीत, त्याची राहण्या-जेवणाची व्यवस्था करीत, त्यास मोबदला देत आणि काम पुरे होईतो थांबत. आज आपण त्या भिंतींचे कौतुक करतो तेव्हा त्या कारागिराबरोबर त्या महाजनांचेही स्मरण ठेवले पाहिजे.

तिसरा धडा दुःखद आहे. जीर्णोद्धाराच्या उत्साहात कित्येक ठिकाणी या भिंती पाडल्या गेल्या किंवा त्यांवर ऑईलपेंट व फरशा चढल्या. कुमठ्याच्या श्री महालसा नारायणी देवळाच्या बाहेरील भिंतींवर मोठी कावीचित्रे होती. जुनी वास्तू गेली आणि तिच्याबरोबर तीही गेली. होन्नावरचे डॉ. कृष्णानंद कामत यांच्यासारख्या अभ्यासकांनी कोकणपट्टीतील कावीची छायाचित्रे व टिपणे करून ठेवली म्हणून निदान या कलेची ओळख शिल्लक आहे. सुदैवाने आज गोव्यात आडपईचे सागर नाईक मुळे यांच्यासारखे कलावंत ही रीत पुन्हा हाती घेऊन नव्या भिंतींवर काम करीत आहेत. म्हणजे विद्या अजून हाताशी आहे, तिला भिंत हवी आहे.

पणजी आणि फैजपूर

काम कोणास द्यावे, या प्रश्नाचा विचार करताना त्याच सुमाराची दोन उदाहरणे शेजारी ठेवून पाहावी.

पणजीच्या मिनेझिस ब्रागांझा संस्थेच्या प्रवेशदालनात निळ्या-पांढऱ्या फरशांवरील भव्य चित्रे आहेत. पोर्तुगीज चित्रकार जोर्ज कोलासो यांची ती १९३५ ची कृती. विषय लुसियाद या पोर्तुगीज महाकाव्याचा. काम अप्रतिम आहे आणि गोव्याने ते जपावे असेच आहे. पण त्याच काळात गोव्याच्याच सांतेस्तेव्ह गावचे आंजेलो द फोन्सेका (१९०२–१९६७) शांतिनिकेतनात अवनींद्रनाथ ठाकूर व नंदलाल बोस यांच्या हाताखाली शिकून परत आले होते. ख्रिस्तचरित्रातील माणसांना ते आपल्याकडचा रंग, आपल्याकडची वस्त्रे देत. त्या काळच्या गोव्यात या चित्रांना विरोध झाला, आणि फोन्सेकांनी आपले बहुतेक आयुष्य पुण्यास काढले. त्यांच्या चित्रांचा मोठा संग्रह आज पर्वरीच्या झेवियर इतिहास संशोधन केंद्रात पाहावयास मिळतो. चित्रे घरी परतली, परंतु कलावंताच्या हयातीत गावच्या भिंतीने त्याला बोलावले नाही.

आता फैजपूर पाहू. डिसेंबर १९३६ मध्ये खानदेशातील या गावी काँग्रेसचे अधिवेशन भरले. खेड्यात भरलेले हे पहिलेच अधिवेशन. गांधीजींचा आग्रह असा की, सजावट खेड्यात मिळणाऱ्या वस्तूंची आणि खेड्यातल्या हातांची असावी. काम सोपविले नंदलाल बोसांवर. त्यांनी बांबू, गवत, चटया अशा साध्या वस्तूंतून मंडप नि कमानी उभ्या केल्या. पुढे १९३८ च्या हरिपुरा अधिवेशनासाठी त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी मातीच्या रंगांत ग्रामजीवनाची भित्तिपत्रे रंगविली : सुतार, शिंपी, वादक, दळणकांडण करणाऱ्या बाया. वाटेने जाणाऱ्या शेतकऱ्याने सहज पाहावी अशी ती योजना होती. जाणता कलावंत नेमावा, साहित्य व हात गावचे असावे, आणि जो रोज त्या वाटेने जातो त्याचेच जीवन त्यास दिसावे, एवढी तीन सूत्रे या उदाहरणातून हाती लागतात. आपल्या गावाला ती आजही पुरेशी आहेत.

रंग आणि दुरुस्ती

अलीकडचे उदाहरण विदर्भातील आहे. रेल्वेने स्थानकांच्या सुशोभनाची देशव्यापी स्पर्धा घेतली, तिचा निकाल २०१८ साली लागला. पहिले दहा लाखांचे पारितोषिक मध्य रेल्वेच्या नागपूर विभागातील बल्लारशाह व चंद्रपूर या स्थानकांना मिळाले. ताडोबाच्या अरण्यातील वन्य प्राणी आणि त्या भागातील आदिवासी चित्रशैली यांनी भिंती सजल्या होत्या. दुसऱ्या क्रमांकात बिहारमधील मधुबनी होते. तेथील चित्रकारांनी २०१७ साली आपल्या स्थानकाच्या भिंती मधुबनी शैलीत रंगविल्या, आणि तेही श्रमदानाने. ज्या स्थानकातून माणसे मान खाली घालून निघून जात, तेथे ती थांबून पाहू लागली.

हा लाभ मोठा आहे. पण त्याच बल्लारशाह स्थानकावर २७ नोव्हेंबर २०२२ रोजी पादचारी पुलाच्या फरसाचा भाग कोसळून लोक खाली रुळांवर पडले. एका व्यक्तीचा मृत्यू झाला आणि कित्येक जखमी झाले. चित्रांचा या अपघाताशी संबंध होता असे आम्ही म्हणत नाही, तसे म्हणणे कलावंतांवर अन्याय ठरेल. परंतु जो कोणी सार्वजनिक जागा रंगवावयास निघतो त्याने ही गोष्ट मनावर कोरून ठेवावी. रंग हा दुरुस्तीचा पर्याय नव्हे. भिंतीस तडा असेल तर आधी तडा बुजवावा. छप्पर गळत असेल तर आधी कौले बदलावी. सुंदर दिसणाऱ्या वास्तूकडे निरखून पाहण्याची सवय सुटते, म्हणून तिची तपासणी अधिक काटेकोर हवी.

श्रमदानाविषयीही दोन शब्द लिहितो. श्रमदान एकदा शोभते. दरवर्षी कलावंतानेच ते करावे असे मानणे बरे नव्हे. गवंड्याला मजुरी, सुताराला मजुरी, विजेच्या कारागिराला मजुरी आणि चित्रकाराला मात्र शाल-श्रीफळ, असा व्यवहार आपल्या समाजात रूढ आहे. सत्कार जरूर करावा, पण घरचा बाजार शालीने होत नाही.

काम दिल्यानंतरची जबाबदारी

काम देणाऱ्याचे कर्तव्य पैसे चुकते करून संपत नाही, हे एका प्रसिद्ध खटल्याने ठरविले. नव्या दिल्लीतील विज्ञान भवनासाठी शिल्पकार अमरनाथ सहगल यांना १९५७ साली सरकारने कांस्याचे भव्य भित्तिशिल्प करण्याचे काम दिले. १९६२ साली ते पुरे झाले. १९७९ साली इमारतीच्या नूतनीकरणात ते उतरवून कोठारात टाकले गेले आणि त्याची हानी झाली. सहगल न्यायालयात गेले. २००५ साली दिल्ली उच्च न्यायालयाने शिल्पाचे अवशेष त्यांना परत देण्याचा आणि पाच लाख रुपये भरपाईचा निर्णय दिला. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या ५७ व्या कलमात कर्त्याला जे विशेष हक्क आहेत, त्यांचा आधार या निर्णयास होता. कृती विकल्यानंतरही तिच्याशी कर्त्याचे नाते उरते, असे न्यायालयाने मानले. शिल्पकाराला मात्र यासाठी आयुष्याची कित्येक वर्षे खर्ची घालावी लागली. आपल्यासारख्या लहान संस्थेने हे आरंभीच लक्षात घेऊन लेखी करार करावा, म्हणजे पुढे कोणासच क्लेश होणार नाहीत.

काम द्यावे कसे ?

वरील विवेचनावरून काही नियम निघतात. ते क्रमाने देत आहोत.

१. प्रथम मालकी पाहावी. भिंत पंचायतीची, शाळेची, बांधकाम खात्याची, कोमुनिदादची की देवस्थानची, हे ठरवून लेखी परवानगी घ्यावी. किनाऱ्यालगतच्या जागेस किनारपट्टीचे नियम लागू पडतात हे विसरू नये.

२. त्या जागेचा रोजचा वापर करणाऱ्यांना विचारावे. बसथांब्यावर उभ्या राहणाऱ्या बायकांना चित्राआधी बाक आणि दिवा हवा असण्याचा संभव आहे. तसे असल्यास तेच आधी करावे.

३. दुरुस्ती, पाण्याचा निचरा आणि कचऱ्याची पेटी यांची व्यवस्था रंगाआधी व्हावी.

४. चार-पाच स्थानिक कलावंतांकडून कच्ची रेखाटने मागवावी आणि प्रत्येकाला रेखाटनाचा अल्पसा मोबदला द्यावा. निवड करताना एखादा जाणता चित्रकार समितीवर घ्यावा. नात्यागोत्याचा विचार मनात येऊ देऊ नये.

५. विषय गावचा असावा, पण ठराविक नसावा. रापण ओढणारे लोक, मिठागरे, माडावर चढणारा रेंदेर, मोरजाईच्या उत्सवाला लोटणारी माणसे, टेंबच्या वाळूत अंडी घालावयास येणारी सागरी कासवे, असे कितीतरी विषय आहेत. राजकीय पुढाऱ्यांचे चेहरे व जाहिराती कटाक्षाने टाळाव्या. देणगीदाराचे नाव द्यावयाचेच तर कोपऱ्यात, आणि कलावंताच्या नावापेक्षा मोठे नको.

६. कामाचा काळ दिवाळीनंतर ते शिमग्यापर्यंत धरावा. भिंत पूर्ण सुकलेली हवी. पावसाळ्याच्या तोंडावर उरकलेले काम पावसाबरोबर जाते.

७. किनाऱ्याकडील जागेत चित्रावर प्रकाशझोत सोडू नये. नोव्हेंबर ते मार्च हा आपल्याकडे कासवांच्या अंडी घालण्याचा हंगाम. अंड्यांतून निघालेली पिले उजेडाच्या रोखाने चालतात, आणि समुद्राऐवजी रस्त्याकडे वळल्यास मरतात. आपल्या भिंतीची शोभा त्यांच्या जिवावर येऊ नये.

८. मोबदला तीन हप्त्यांत द्यावा : करार होताना, अर्धे काम झाल्यावर आणि शेवटी. साहित्य, पराती आणि मदतनीस यांचा खर्च निराळा धरावा.

९. एकूण खर्चाचा निदान दहावा हिस्सा देखभालीसाठी बाजूला ठेवावा. डागडुजीचे काम शक्यतो त्याच कलावंताला द्यावे. चित्र पुसावे लागणार असेल तर आधी त्याला कळवावे.

१०. प्रत्येक कलावंताने शाळेतील दोन-तीन मुलामुलींना हाताखाली घ्यावे, अशी अट घालावी. कावीचा चुना कसा मुरवितात हे पुस्तकातून येत नाही, कुटणाऱ्याच्या शेजारी उभे राहूनच येते.

धर्मादाय पैशाचा प्रश्न

आता आरंभीच्या शंकेकडे येऊ. शिष्यवृत्ती आणि औषधोपचार यांच्या निधीस या कामासाठी हात लावू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. याकरिता निराळी वर्गणी व्हावी, आणि ज्यांना हे पटेल त्यांनीच ती द्यावी. पण हा खर्च उधळपट्टीत मोडत नाही, हेही तितक्याच स्पष्टपणे सांगतो. या पैशाचा बहुतांश भाग मजुरी म्हणून गावातीलच एखाद्या घरात जातो. तो दान म्हणून जात नाही, कामाचा दाम म्हणून जातो, त्यामुळे घेणाऱ्याची मान ताठ राहते. हाताखालच्या मुलांना विद्या मिळते. आणि जी जागा टाळून आपण जात होतो ती सर्वांच्या, विशेषतः ज्यांना घरी अंगण नाही त्यांच्या, उपयोगास येते. धर्मादाय कार्याच्या व्याख्येत एवढे निश्चितच बसावे.

आमची सूचना लहान आहे. पुढील वर्षी एकच भिंत घ्यावी. ती बसथांब्याची असावी, कारण तेथे सर्व वाड्यांची माणसे येतात. तिची दुरुस्ती करावी, बाक घालावा, पेटी ठेवावी आणि मग एका कलावंताला कावीच्या रीतीने तीवर काम करावयास सांगावे. दोन पावसाळे जाऊ द्यावे. भिंत टिकली, जागा स्वच्छ राहिली आणि हाताखालच्या मुलांपैकी एकाने जरी चुना कुटावयास पुन्हा येण्याची इच्छा दर्शविली, तर दुसरी भिंत घ्यावी. तसे न झाल्यास कारण शोधून वार्षिक सभेपुढे ठेवावे. या सूचनेवर सभासदांनी साधकबाधक विचार करून येत्या सर्वसाधारण सभेत आपली मते मांडावी, अशी नम्र विनंती आहे.